तटरक्षक दलाचे महासंचालक: जबाबदारी अथांग, पण हुकूम चालतो कोणावर?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

तटरक्षक दलाला नवे महासंचालक मिळाले की वर्तमानपत्रांत एक ठरावीक बातमी येते. कोणती जहाजं सांभाळली, कोणती पदकं मिळाली, शिक्षण कुठे झालं. त्या खुर्चीत बसल्यावर करायचं काम काय, हे त्यात कधीच नसतं. आपला किनारा झाई-बोर्डीपासून रेडीपर्यंत पसरलेला असताना मराठीत याबद्दल इतकं कमी लिहिलं जावं, हे मला खरंच खटकतं. म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी. साठ-सत्तरच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची तस्करी जोरात होती आणि सीमाशुल्क खात्याकडे तिला पुरे पडतील अशा बोटी नव्हत्या. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानं २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातली मासळी आणि खनिजं आपल्या हक्काची झाली. हे सगळं नौदलानंच बघायचं म्हटलं तर युद्धनौका तस्करांच्या मागेच फिरत राहिल्या असत्या. सरकारनं के. एफ. रुस्तमजींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रुस्तमजी मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे, सीमा सुरक्षा दल उभं करणारे पोलीस अधिकारी. त्यांच्या समितीनं स्वतंत्र दलाची शिफारस केली. १ फेब्रुवारी १९७७ ला अंतरिम स्वरूपात काम सुरू झालं, तेव्हा जवळ होत्या नौदलाकडून आलेल्या दोन जुन्या फ्रिगेट, कृपाण आणि कुठार, आणि पाच गस्ती नौका. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि व्हाइस ॲडमिरल व्ही. ए. कामथ पहिले महासंचालक झाले.

तटरक्षक दल अधिनियम १९७८ चं कलम ५ म्हणतं की सर्वसाधारण नियंत्रण केंद्र सरकारचं आणि त्याच्या अधीन राहून दलाचं नेतृत्व व देखरेख महासंचालकांची. कलम १४ मध्ये कामं दिली आहेत: समुद्रातले तेलफलाट आणि कृत्रिम बेटं यांचं संरक्षण, मच्छीमारांना संकटात मदत, सागरी पर्यावरणाचं रक्षण, तस्करी रोखायला सीमाशुल्क खात्याला साहाय्य, सागरी कायद्यांची अंमलबजावणी, जीवित आणि मालमत्तेची सुरक्षितता, शास्त्रीय माहिती गोळा करणं.

इथपर्यंत सरळ आहे. गुंता पुढे आहे. दलाचे प्रमुख असण्याखेरीज याच व्यक्तीकडे आणखी तीन जबाबदाऱ्या आहेत. राष्ट्रीय सागरी शोध व बचाव मंडळाचे अध्यक्ष तेच. तेलगळतीसाठी १९९६ पासून जो राष्ट्रीय आपत्ती आराखडा आहे, त्याचे मुख्य समन्वयकही तेच. आणि २६/११ नंतर, फेब्रुवारी २००९ मध्ये, किनारी सुरक्षेबाबत केंद्र आणि राज्यांच्या सगळ्या यंत्रणांत समन्वय राखणारे ‘कमांडर, कोस्टल कमांड’ म्हणूनही त्यांनाच नेमलं गेलं.

या तिन्ही ठिकाणी ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं ते लोक त्यांच्या हाताखालचे नाहीत. राज्यांचे सागरी पोलीस, बंदरांचे अध्यक्ष, नौवहन महासंचालनालय (व्यापारी जहाजांचं नियमन करणारं खातं), मत्स्यव्यवसाय खातं, सीमाशुल्क, तेल कंपन्या, प्रत्येकाचा वरिष्ठ वेगळा आणि मंत्रालय वेगळं. म्हणून माझं मत असं झालंय की या पदावरच्या माणसाचं खरं कसब जहाज चालवण्यापेक्षा, ज्यांना हुकूम देता येत नाही अशांना वेळेत एका जागी आणण्यात आहे. आपण त्यांना त्याच कसावर जोखायला हवं. तुमचे अनुभव आणि मतं जरूर लिहा.

---

तांडेलाचा नातू

खाडीपलीकडे, चांगला धागा. आमचं घर मिरकरवाड्याला, आजोबा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, होते, आता काका बोट बघतात. आम्हाला दिल्लीचे महासंचालक कोण हे माहीत नसतं, खरं सांगायचं तर त्याची गरजही पडत नाही. आमच्यासाठी कोस्ट गार्ड म्हणजे रत्नागिरीचं स्टेशन, वरून जाणारं विमान आणि वायरलेसवरचा आवाज.

पण तुमच्या मुद्द्यात एक भर घालतो. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठली की पहिले काही आठवडे समुद्र अजून खवळलेलाच असतो. इंजिन बंद पडणं, पाणी भरणं, खलाशी पाण्यात पडणं हे प्रकार तेव्हा जास्त होतात. मोबाइलची रेंज थोडं आत गेलं की संपते. मग उरतो व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा वायरलेस. त्यावर चॅनल १६ ला आमचा माणूस घाबरून बोलतो ते त्याच्या बोलीत. समोरचा ड्युटीवरचा जवान केरळचा किंवा हरियाणाचा. तो बिचारा मनापासून ऐकतो, पण ‘पाटल्या बाजूक पानी भरताहा’ हे त्याला कळायला वेळ जातो. मी स्वतः एकदा जेटीवर उभा राहून दुसऱ्याच्या हँडसेटवरून हिंदीत सांगून दिलंय.

कोळी किंवा कोकणी बोली समजणारा एक माणूस प्रत्येक स्टेशनवर चोवीस तास असावा, एवढं ठरवणं कोणाच्या हातात आहे? महासंचालकांच्याच ना? हे तर त्यांच्या स्वतःच्या दलातलं काम आहे, यासाठी कोणाची मनधरणी करायला नको.

---

चुंबकसुई

मी व्यापारी जहाजांवर असतो, सध्या सुट्टीवर. धागाकर्त्यांनी बचाव मंडळाचा उल्लेख एका ओळीत संपवला, तो विषय फार मोठा आहे.

भारताच्या वाट्याला आलेलं शोध व बचाव क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर आहे. आपलं आर्थिक क्षेत्र साधारण २० लाख. म्हणजे आपल्या हक्काच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त पाण्यात कोणी बुडत असेल तर समन्वय आपण करायचा. मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) इथली तीन सागरी बचाव समन्वय केंद्रं हे काम करतात. एवढ्या मोठ्या क्षेत्रात तटरक्षकचं जहाज जवळ असेलच असं नसतं. तेव्हा केंद्र काय करतं, तर जवळचं व्यापारी जहाज शोधून त्याला मार्ग बदलायला सांगतं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मदतीला जाणं कप्तानावर बंधनकारक आहे, तरी मार्ग बदलला की इंधन, वेळ, मालकाचे फोन हे सगळं त्याच्या डोक्यावर येतं. रेडिओवर समन्वय केंद्राचा माणूस किती स्पष्ट बोलतो, जागेचे अक्षांश-रेखांश किती अचूक देतो, यावर कप्तानाचा विश्वास बसतो. असा संदेश आल्यावर आमच्या कप्तानानं एका मिनिटात जहाज वळवलेलं मी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात, उभा राहून पाहिलंय. त्या आवाजामागे जी शिस्त होती ती कोणीतरी वर्षानुवर्षं घडवलेली असते.

‘हाताखाली नसलेल्यांकडून काम करून घेणं’ याचं याहून चांगलं उदाहरण मला दिसत नाही.

---

आरमारी

धागाकर्त्यांच्या मताशी अर्धा सहमत. मी नौदलात होतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

हे पद कायम समन्वयाचं आहे असं म्हटलं की एक गोष्ट विसरली जाते. हे संरक्षण मंत्रालयाखालचं सशस्त्र दल आहे, युद्धकाळात ते नौदलाच्या खांद्याला खांदा लावून लढणार. कित्येक वर्षं महासंचालक नौदलातून प्रतिनियुक्तीवर येत, त्यामागे कारण होतं. दोन्ही दलांचे संदेश, सराव, डावपेच एकसारखे राहिले. २००९ च्या निर्णयातही सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडेच दिली आहे आणि मुंबईतल्या पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख किनारी संरक्षणाचे कमांडर-इन-चीफ आहेत. समुद्रात एकाच वेळी दोन मालक चालत नाहीत.

आता महासंचालक दलाच्याच अधिकाऱ्यांतून येतात. चांगलं आहे, पण नौदलाशी असलेली ती जवळीक टिकवणं आता आपोआप होणार नाही, ती नव्या महासंचालकांना मुद्दाम करावी लागेल.

---

खाडीपलीकडे

आरमारी, मुद्दा पटतो, पण इतिहासाची दुसरी बाजूही बघा. नौदलातून येणारा अधिकारी दोन-अडीच वर्षांसाठी यायचा. दलाच्या गरजा समजून घेईपर्यंत त्याची जायची वेळ व्हायची. आणि दलातल्या हुशार अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असायचं की सर्वोच्च खुर्ची बहुधा आपल्यासाठी नाही. २००५ मध्ये प्रभाकरन पलेरी हे दलाच्या स्वतःच्या केडरमधून आलेले पहिले महासंचालक झाले, त्यानंतर पुन्हा नौदलाचे अधिकारी आले. २०१६ मध्ये राजेंद्र सिंग आले आणि तिथून पुढे के. नटराजन, व्ही. एस. पठानिया, राकेश पाल आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एस. परमेश, सगळे दलातलेच. राकेश पाल यांचं ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईत, पदावर असतानाच निधन झालं, ते तर दलाच्या कामासाठीच तिथे गेले होते.

कार्यकाळाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये माझगाव डॉकशी १४ जलद गस्ती नौकांचा साधारण १,०७० कोटींचा करार झाला, त्या ६३ महिन्यांत मिळायच्या आहेत. म्हणजे करार करणाऱ्या महासंचालकांच्या कारकिर्दीत त्यातली एकही नौका समुद्रात उतरायची शक्यता कमीच. आज जी जहाजं कामाला येतात ती दोन-तीन महासंचालकांपूर्वी कोणीतरी मागितलेली असतात, आणि आजचे महासंचालक जे मागतील ते त्यांच्यानंतरच्यांच्या उपयोगी पडणार. असं असताना स्वतःच्या नावाची काही झळकणारी योजना काढण्याचा मोह टाळून आधीच्यानं सुरू केलेलं नेटानं पुढे नेणं, हाही या पदाचा मोठा गुण मानायला हवा.

तांडेलाचा नातू, तुमचा बोलीचा मुद्दा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. त्यावर दलात काम केलेल्या कोणी लिहावं.

---

निवृत्त प्रधान अधिकारी

नमस्कार मंडळी. मी दलातून निवृत्त झालो, नाव लिहीत नाही. नातू म्हणतो ते खरं आहे. आमच्या वेळी मुंबईच्या केंद्रावर मराठी जाणणारा कोणी ना कोणी असायचा, पण तो योगायोगानं. बदल्या अखिल भारतीय असतात, स्थानिक भाषेवर नेमणूक ठरत नाही. काही स्टेशनांवर कमांडिंग ऑफिसर स्वतः मच्छीमार सोसायट्यांकडे जाऊन ओळखी वाढवतात. तो माणूस बदलून गेला की ओळखी सैल होतात. याचा कायमचा बंदोबस्त मुख्यालयातूनच व्हायला हवा, हे अगदी बरोबर.

आता लोकांना एक चुकीचं चित्र असतं ते सांगतो. बोट बुडतेय असा संदेश आला की दिल्लीहून हुकूम येतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नसतं. संदेश समन्वय केंद्रावर किंवा १५५४ या नंबरवर येतो. ड्युटी अधिकारी जिल्हा मुख्यालयाशी बोलतो, जवळचं जहाज वळवतो, गरज वाटली तर विमान किंवा हेलिकॉप्टर मागवतो. पश्चिम विभागाचं मुख्यालय मुंबईत वरळी सी फेसला, कोळीवाड्याच्या शेजारी. विभागाचे कमांडर महानिरीक्षक दर्जाचे, त्यांच्या वर पूर्ण पश्चिम किनाऱ्यासाठी अतिरिक्त महासंचालक, तेही मुंबईतच. दिल्लीला कळवलं जातं. पण दिल्लीची वाट बघत कोणी नांगर टाकून बसत नाही.

मग महासंचालक कुठे दिसतात? जहाज सुटायच्या वेळी टाकी भरलेली असते का, पंप चालतो का, पाणबुड्याचा सराव झालेला असतो का, हेलिकॉप्टर उडण्याच्या स्थितीत आहे का, तिथे दिसतात. मे २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ आठवा. पी-३०५ बार्ज बुडाली त्यावर सगळे बोलले, तिथे नौदलानं अफाट काम केलं. त्याच वादळात गाल कन्स्ट्रक्टर नावाची दुसरी बार्ज भरकटून पालघरच्या किनाऱ्याकडे रुतली. तिच्यावरच्या १३७ जणांना बाहेर काढलं गेलं, त्यात तटरक्षकच्या चेतक हेलिकॉप्टरांचा मोठा वाटा. चेतक किती जुनं यंत्र आहे ते चालवणाऱ्याला विचारा. ते त्या वाऱ्यात उडालं, कारण रोज सकाळी कोणीतरी हँगरमध्ये ते नीट ठेवलं होतं.

आणि कठीण निर्णय असे असतात: सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरजवळ टँकरवरच्या माणसाला वाचवायला गेलेलं ध्रुव हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरच्या धावपट्टीवर दुसरं कोसळलं, तिघं गेले. त्यानंतर सगळी ध्रुव जमिनीवर उभी केली गेली. ध्रुव नाही म्हणजे बचावाचा आवाका आखडतो, आणि उडवायची तर आपलीच पोरं धोक्यात घालायची. हे ओझं ज्याच्यावर येतं त्याला मी मनापासून मान देतो.

---

उरणकर

माझ्यासाठी या पदाचा अर्थ ७ ऑगस्ट २०१० ला कळला. एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, कंटेनर पाण्यात पडले, जेएनपीटी आणि मुंबई बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेल उरण-अलिबागच्या तिवरांत शिरलं. आमच्याकडे खाडीत निवट्या, चिंबोऱ्या पकडून जगणारी कुटुंबं आहेत, त्यांचा तो हंगामच गेला.

तेव्हा लोक विचारत होते, साफ कोण करणार? बंदराकडे गेलो तर ते तटरक्षककडे बोट दाखवत. तटरक्षक म्हणे आम्ही समुद्रात बघतोय, किनारा राज्याकडे. गावकऱ्यांना कळेना दार कोणाचं ठोठवायचं. नंतर माहिती काढली तर आराखड्यात खरंच तसंच आहे: खुल्या समुद्रात तटरक्षक, बंदराच्या हद्दीत बंदर, तेलफलाटांच्या भोवती ५०० मीटरपर्यंत ती ती तेल कंपनी, आणि तेल किनाऱ्याला लागलं की राज्य सरकार. तेलाला या रेषा दिसत नाहीत ना!

---

चुंबकसुई

उरणकर, तुमचा त्रास समजतो. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला तेच झालं, डॉन कांचीपुरम आणि बीडब्ल्यू मेपलची टक्कर. सुरुवातीला बंदरानं गळती नाही असं सांगितलं, पुढे किनाऱ्यावर तेलाचे थर आले आणि माणसं बादल्यांनी ते उपसत होती. पहिले काही तास गेले की गेले. तेल पातळ असतं तोवर पाण्यावरच अडवता येतं, नंतर पाणी मिसळून ते घट्ट चिकट होतं आणि यंत्रानं उचलायला जड जातं.

पण दुसरी बाजू: सगळे अधिकार महासंचालकांना द्या, असा सूर इथे येईल म्हणून आधीच सांगतो, मला ते पटत नाही. मे २०२५ चं एमएससी एल्सा-३ घ्या. विझिंजमहून कोचीला जाताना कलंडलं, ६४० कंटेनर, त्यातले १३ घातक मालाचे, टाक्यांत जवळपास साडेचारशे टन इंधन. २४ जणांपैकी २१ जणांना तटरक्षकनं पहिल्याच दिवशी काढलं, उरलेल्या तिघांना नौदलाच्या सुजातानं. प्रदूषण रोखायचं काम तटरक्षकनं हाती घेतलं. त्याच वेळी जहाज मालकाला कायद्याच्या कचाट्यात धरण्याचं, बुडालेल्या जहाजातलं तेल काढायला लावण्याचं काम नौवहन महासंचालनालयाचं होतं. विमा, मालकी, ध्वजराष्ट्र (जहाजाची नोंदणी असलेला देश), या गोष्टी त्यांनाच कळतात. किनाऱ्यावर वाहून आलेले प्लॅस्टिकचे दाणे वेचायचं काम केरळ सरकार आणि तिथले स्वयंसेवक करत होते. एकाच गणवेशाकडे हे सगळं दिलं तर त्याला यातलं काहीच धड जमणार नाही.

---

मेधा ह्यूस्टन

चुंबकसुईंच्या मुद्द्याला इथलं उदाहरण. अमेरिकेत कोस्ट गार्डच्या प्रमुखांना कमांडंट म्हणतात, ते पूर्ण ॲडमिरल दर्जाचे असतात आणि शांततेच्या काळात दल गृहसुरक्षा खात्याखाली असतं. प्रत्येक मोठ्या बंदरासाठी ‘कॅप्टन ऑफ द पोर्ट’ म्हणून कोस्ट गार्डचाच अधिकारी असतो. तो जहाज अडवू शकतो, बंदर बंद करू शकतो, आणि किनारी भागात तेलगळती झाली की संघराज्याच्या वतीनं सूत्रं त्याच्याकडेच येतात. आम्ही ह्यूस्टनच्या खाडीजवळ राहतो, धुकं पडलं की जहाजांची ये-जा थांबल्याची बातमी येते, त्यात हे नेहमी दिसतं.

पण इथे जहाजांची तपासणी, खलाशांचे परवाने हेही कोस्ट गार्डच करतं. भारतात ते नौवहन महासंचालनालयाकडे आहे. त्यामुळे अधिकार उचलून इकडून तिकडे ठेवता येणार नाहीत. मात्र ‘पहिल्या ७२ तासांत एकच माणूस सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं’ ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

---

कायद्याचं बोला

वकील म्हणून एक बाजू जोडतो, कारण अटक, खटला याबद्दल कोणी लिहिलेलं नाही.

ऑक्टोबर १९९९. अलोंड्रा रेनबो हे जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियाजवळ पळवलं गेलं, ॲल्युमिनियम भरलेलं होतं. चाच्यांनी नाव बदललं, रंग बदलला. अरबी समुद्रात तटरक्षकच्या ताराबाई या जहाजानं त्याचा पाठलाग केला, पुढे नौदलाचं प्रहार आलं आणि जहाज ताब्यात घेतलं. महाराणी ताराबाईंचं नाव मिरवणाऱ्या जहाजानं हे करावं याचा मला आजही अभिमान वाटतो. पुढे मुंबईत येलो गेट पोलीस ठाण्याच्या हद्दीत गुन्हा, खटला, २००३ मध्ये सत्र न्यायालयात शिक्षा आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयात सुटका. चाचेगिरीवर आपल्याकडे तेव्हा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो संसदेत मंजूर झाला २०२२ मध्ये.

म्हणजे समुद्रात जीव धोक्यात घालून पकडलेला माणूस किनाऱ्यावर कागदावर सुटतो. म्हणून महासंचालकांच्या कामाचा एक मोठा भाग मला दिल्लीत दिसतो: कायदे बनवणाऱ्यांसमोर बसून, समुद्रातला पुरावा कसा गोळा होतो, पंच कुठून आणायचे, चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर उभं करायचं तर किनारा दोन दिवसांवर असताना काय करायचं, हे समजावत राहणं.

त्या प्रकरणाचा एक चांगला परिणामही झाला. जपान आणि भारताची तटरक्षक दलं जवळ आली, २००० पासून दोघांचे संयुक्त सराव होतात, प्रमुखांच्या भेटी होतात. आशियाई तटरक्षक प्रमुखांची परिषद भरते, २०२२ ची दिल्लीत झाली. परराष्ट्र खात्याला जिथे बोलायला अवघड जातं तिथे दोन देशांचे तटरक्षक प्रमुख मच्छीमार आणि बचाव या विषयांवर सहज बोलू शकतात. या बाजूकडे आपण अजिबात लक्ष देत नाही.

---

निशिगंधा

मी सीजीकॅटची, म्हणजे तटरक्षक दलाच्या अधिकारी भरती परीक्षेची, तयारी करतेय. सहायक कमांडंट म्हणून रुजू झाल्यावर महासंचालक पदापर्यंत जाता येतं का, आणि मुलींना? क्लासमध्ये सगळे फक्त कट-ऑफबद्दल बोलतात.

---

निवृत्त प्रधान अधिकारी

बाळा, जाता येतं. सहायक कमांडंट, उप कमांडंट, मग कमांडंटचे दोन टप्पे, उपमहानिरीक्षक, महानिरीक्षक, अतिरिक्त महासंचालक, महासंचालक. अलीकडचे महासंचालक बघशील तर पठानिया आणि परमेश दोघंही पूर्व किनाऱ्याचे कमांडर होते, नटराजन पश्चिमेचे. म्हणजे शेवटच्या पायरीआधी एक पूर्ण किनारा सांभाळलेला असतो.

मुलींचं म्हणशील तर नूपुर कुलश्रेष्ठ या दलातल्या पहिल्या महिला उपमहानिरीक्षक झाल्या. अडचण अशी की वर जायला जहाजाची कमान लागते आणि ती संधी महिलांना बराच काळ मिळाली नाही. अल्पसेवेवरच्या एका महिला वैमानिक अधिकाऱ्याची कायम सेवेसाठीची याचिका २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजली, न्यायालयानं सरकारला चांगलंच सुनावलं. तू आत्ता येतेस म्हणजे योग्य वेळी येतेस. पोहायला शिकून घे, आणि समुद्र लागतो का ते आधी एकदा भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं जाऊन बघ.

---

आरमारी

निवृत्त काकांचा सल्ला उत्तम. समुद्र लागला तरी घाबरू नकोस, बहुतेकांना सवयीनं कमी होतो.

मूळ विषयावर परत येतो. २६/११ च्या हल्लेखोरांनी पळवलेला कुबेर ट्रॉलर आणि ते उतरले तो बधवार पार्कचा किनारा आपण विसरू शकत नाही. त्याआधी १९९३ मध्ये शेखाडी आणि दिघीला स्फोटकं उतरली होती, त्यानंतर नौदल, तटरक्षक आणि सीमाशुल्कची संयुक्त गस्त ‘ऑपरेशन स्वान’ सुरू झाली होती. गस्त होती, दल होतं, तरी २००८ घडलं. आणि २००८ नंतरही २०११ मध्ये पवित नावाचं सोडून दिलेलं जहाज वाहत वाहत थेट जुहूच्या किनाऱ्याला लागलं, कोणाच्या लक्षात न येता. त्यानंतर दीपगृहांवर रडार बसले, पहिल्या टप्प्यात ४६, बचाव आणि सुरक्षेचे सराव नियमित झाले, ‘सागर कवच’ प्रत्येक किनारी राज्यात होतो. हे काम महासंचालकांच्या अखत्यारीत चांगलं झालंय, हे मी नौदलाचा असूनही म्हणतो.

कच्चा दुवा अजून तोच आहे, किनाऱ्यापासून पहिले काही मैल. तिथे सागरी पोलीस हवेत. त्यांच्या बोटी, डिझेल, माणसं राज्याच्या हातात. पोलीस दलात तिथली बदली नकोशी मानली जाते. महासंचालकांनी कितीही पत्रं लिहिली तरी राज्याचं गृहखातं मनावर घेत नाही तोवर गाडं हलणार नाही.

---

खाडीपलीकडे

आरमारी, आता आपण दोघं एकाच ठिकाणी आलो. हुकूम चालत नाही तिथे काय करायचं, हाच या पदाचा कस.

मेधाताईंनी सुचवलेला ७२ तासांचा मुद्दा मला सर्वांत जास्त पटला. कायमचे अधिकार काढून घेतले तर प्रत्येक खातं विरोध करणार, आणि चुंबकसुई म्हणतात तसं ते योग्यही नाही. पण मोठी गळती किंवा मोठी दुर्घटना जाहीर झाली की ठरावीक मुदतीसाठी बंदर, तेल कंपनी आणि राज्याच्या यंत्रणा तटरक्षकच्या विभागीय कमांडरच्या सूचनेनं चालतील, असं आराखड्यात स्पष्ट लिहिता येईल. उरणच्या लोकांना मग दार शोधत फिरावं लागणार नाही. गोवा शिपयार्डला २०२१ मध्ये प्रदूषण नियंत्रणाच्या दोन जहाजांचं ५८३ कोटींचं काम दिलं गेलं. साधनं वाढतायत. त्यांना बंदराच्या हद्दीत घुसून काम करायला कोणाच्या परवानगीची वाट बघावी लागू नये.

---

तांडेलाचा नातू

दादा, ते ७२ तासांचं होईल तेव्हा होईल. माझा बोलीचा प्रश्न कोणाकडे न्यायचा ते सांगा. पुढच्या हंगामाआधी काही व्हायला हवं.

---

निवृत्त प्रधान अधिकारी

नातू, दिल्लीला पत्र लिहून थांबू नकोस. तीन ठिकाणी एकाच वेळी जा. पहिलं, रत्नागिरी स्टेशनचे कमांडिंग ऑफिसर, मच्छीमारांबरोबर ते जो संवाद कार्यक्रम घेतात त्यात सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी मागणी दे, तोंडी नको. दुसरं, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची किनारी सुरक्षेची जिल्हा समिती. तिच्यापुढे हा विषय ठेवायला मत्स्यव्यवसायच्या सहायक आयुक्तांना सांग, तिथली नोंद वरच्या राज्य समितीपर्यंत जाते. तिसरं, वरळीचं विभागीय मुख्यालय, तिथेच समन्वय केंद्राचे लोक बसतात.

मागणी नेमकी कर. ‘मराठी माणूस द्या’ असं लिहिलंस तर बदलीच्या नियमांचं उत्तर येईल. त्याऐवजी लिही की बोटीत पाणी भरणं, इंजिन बंद, आग, माणूस पाण्यात, जाळं पंख्यात अडकणं, जागा आणि बोटीचा नंबर, या गोष्टी तुमच्या बोलीत कशा म्हणतात त्याचं एक पान तुम्ही करून देता, ते प्रत्येक ड्युटी टेबलावर लावावं आणि नव्यानं बदलून येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात शिकवावं. हे करायला पैसा लागत नाही, म्हणून मंजूर व्हायला अडचण नाही. पान तयार झालं की इथे टाक, मी वायरलेसवरच्या भाषेत ते बसतं का बघून देतो.

---

तांडेलाचा नातू

काका, रविवारी माझ्या काकांच्या बोटीवरच्या लोकांना बसवून लिहून काढतो. हर्णै आणि साखरी नाट्याच्या ओळखीच्यांनाही विचारतो, त्यांचे शब्द थोडे वेगळे आहेत.

---

उरणकर

करंजाच्या कोळ्यांचे शब्द मी गोळा करून देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.